दाल्मेशियाचा किनारा, समुद्राच्या बाजूने

क्रोएशियाला जाणारी आपली बहुतेक मंडळी भाड्याची गाडी घेऊन किनाऱ्याचा रस्ता धरतात. रस्ता देखणा आहे, वादच नाही. पण या किनाऱ्याची, म्हणजे दाल्मेशियाची, गावं रस्त्यासाठी बांधलेलीच नाहीत. त्यांची तोंडं समुद्राकडे आहेत. आधी धक्का, मग वेस, मग चौक आणि चर्च, हा सगळा क्रम पाण्यावरून येणाऱ्या माणसासाठी लावलेला. रस्त्याने गेलात तर परसदारातून आत शिरता. म्हणून आम्ही स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला जाणारी छोटी बोट घेतली. आम्ही म्हणजे मी, नवरा आणि माझी मावशी. मावशी ठाण्याच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाली आहे आणि अजूनही शिकवतेच.

बोट पस्तीसेक प्रवाशांची. हजारो माणसं वाहणाऱ्या तरंगत्या हॉटेलांना इथली लहान बंदरं झेपत नाहीत, या बोटी मात्र थेट गावाच्या चौकासमोर लागतात. नाश्ता आणि दुपारचं जेवण बोटीवर, रात्रीचं ज्या गावी मुक्काम असेल तिथे. सकाळी निघायचं, वाटेत एखाद्या कोनाड्यात नांगर टाकून पोहायचं, दुपारी पुढचं बंदर गाठायचं. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, आला आणि चलनही युरो झालं, त्यामुळे व्हिसा आणि पैशांचं काम सोपं झालं आहे. आम्ही सप्टेंबर निवडला. उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा कोमट असतं आणि जुलै-ऑगस्टची झुंबड ओसरलेली असते.

शनिवार : स्प्लिट

बॅगा केबिनमध्ये ठेवून लगेच खाली उतरलो. धक्क्यावरून गावाकडे बघितलं की पामच्या रांगेमागे कॅफे, दुकानं, दोरीवर वाळणारे कपडे आणि त्या सगळ्यातून डोकावणारे रोमन खांब दिसतात. ही सगळी मिळून एकच भिंत आहे, रोमन सम्राट डायोक्लेशनच्या राजवाड्याची दक्षिण भिंत. एके काळी समुद्र थेट तिला लागायचा आणि तिच्यातल्या दरवाजातून बोटीने आलेला माणूस सरळ तळघरात पाय ठेवायचा. मधली जागा भरून आता तिथे फिरायला रुंद फरसबंदी केली आहे.

डायोक्लेशन इथल्याच, जवळच्या सलोना परिसरातला. साध्या घरात जन्मून सैन्यातून वर चढला आणि सम्राट झाला. इ.स. ३०५ मध्ये त्याने आपण होऊन गादी सोडली. रोमच्या कुठल्याही सम्राटाने त्याआधी असं केलं नव्हतं. उरलेलं आयुष्य काढायला त्याने गावाजवळच्या खाडीवर हा वाडा बांधून घेतला. साधारण २१५ मीटर लांब, १८० मीटर रुंद, चार बाजूंना चार दरवाजे, अर्धा किल्ला आणि अर्धं घर. पुढे त्याला परत गादीवर बोलावलं तेव्हा, मी हाताने लावलेला कोबी एकदा येऊन बघा म्हणजे असलं काही सुचवणार नाही, असं त्याने कळवल्याची गोष्ट सांगतात.

सातव्या शतकात आवार आणि स्लाव टोळ्यांनी सलोना उद्ध्वस्त केलं. तिथली माणसं आसऱ्याला या भिंतींच्या आत आली आणि इथेच राहिली. कोणी खांबांच्या मधल्या जागेत भिंत घातली, कोणी कमानीखाली चूल मांडली. वाड्याचं गाव झालं ते आजतागायत गावच आहे. आत न्हाव्याचं दुकान आहे, खिडकीतून शेजारणीशी बोलणाऱ्या आजी आहेत. आपल्याकडे वारसा म्हटला की कुंपण, तिकीट आणि 'हात लावू नये' ही पाटी. इथे चौदा शतकं माणसांनी हात लावला, म्हणून तर वाडा उभा राहिला, असं मला त्या बोळांतून फिरताना फार वाटलं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही तळघरात काढला. वरच्या मजल्यावर सम्राटाची राहती दालनं होती, ती आता जवळजवळ नाहीत. पण जमीन समुद्राकडे उतरती असल्यामुळे ती दालनं समपातळीवर आणायला खाली तळघर बांधावं लागलं आणि प्रत्येक दालनाखाली तेवढ्याच मापाची, तशीच खोली आली. पुढे वर राहायला आलेल्या लोकांनी जमिनीला भोकं पाडून शतकानुशतकं घरातला कचरा आणि मैला खाली टाकला. तळघर गच्च भरलं आणि त्या भरावामुळेच त्याच्या भिंती आणि कमानी टिकल्या. विसाव्या शतकात ते उपसलं तेव्हा सम्राटाच्या घराचा नकाशा हाती आला. एका कमानीच्या टोकाशी भोकातून ओघळलेला तो जुना थर मुद्दाम ठेवला आहे. तपकिरी, दगडासारखा घट्ट, मध्ये मध्ये खापऱ्या. मावशी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती. "पुस्तकात सम्राट असतात गं," ती म्हणाली, "पण घर कसं होतं ते या उकिरड्याने सांगितलं."

वर चौकात काळ्या ग्रॅनाइटचा इजिप्तचा स्फिंक्स बसलेला आहे. तो साडेतीन हजार वर्षांचा, म्हणजे वाडा बांधला तेव्हाच तो पुराणवस्तू होता. त्याच्यामागे सम्राटाची अष्टकोनी समाधी. ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ या सम्राटाच्या राजवटीत झाला आणि सलोनाचा बिशप दोम्नियस याला त्याच छळात ठार मारलं. पुढे ख्रिस्ती समाजाने त्या समाधीचंच कॅथेड्रल केलं आणि ते दोम्नियसच्या नावाने वाहिलं. सम्राटाच्या शवपेटीचा मागमूसही राहिलेला नाही. कॅथेड्रलची अक्रोडाच्या लाकडाची दारं मात्र जरूर जवळून बघा. आंद्रिया बुविना नावाच्या कारागिराने १२१४ मध्ये कोरलेली आहेत, ख्रिस्ताच्या आयुष्यातले प्रसंग चौकटी-चौकटीत.

संध्याकाळी वाड्याच्या घुमटाखालच्या गोल दालनात चारपाच पुरुष वाद्यांशिवाय गात उभे होते. या गाण्याला क्लापा म्हणतात. घुमटाला मधोमध मोठं भोक आहे आणि आवाज फिरून तिकडून वर जातो. रात्री जेवायला ब्लित्वा मागवली. बटाट्याबरोबर शिजवलेली पालेभाजी, वर लसूण आणि ऑलिव्ह तेल. मावशी शाकाहारी, आणि पुढचा सगळा प्रवास तिला याच भाजीने तारलं.

रविवार : ब्राच आणि ह्वार

ब्राच बेटाचा पांढरा चुनखडीचा दगड या अख्ख्या किनाऱ्याचा मालमसाला आहे, डायोक्लेशनच्या वाड्याचाही. पुचिश्चा गावात दगड हाताने घडवायला शिकवणारी शाळा अजून चालते, पण आमच्या वाटेवर ते गाव नव्हतं. बोलजवळ झ्लातनी रातचा प्रसिद्ध किनारा लागला. समुद्रात घुसलेली गोट्यांची लांब जीभ, जिचं टोक वारा आणि प्रवाहाप्रमाणे वळत राहतं. तासभर पोहून पुढे निघालो.

दुपारी वायव्येचा माएस्त्राल सुटला. उन्हाळ्यात जमीन तापली की रोज सुटणारा हा वारा, कोकणातले आपले खारे वारेच. त्याच्यावर शिडाच्या होड्या तिरक्या होऊन पळत होत्या.

ह्वार बेटावर सगळे ह्वार गावात उतरतात. तिथला मोठा चौक आणि १६१२ मध्ये बांधलेलं नाट्यगृह बघण्यासारखं आहेच. आमची बोट उत्तरेच्या स्तारी ग्रादला लागली आणि मला तेच जास्त भावलं. इ.स.पू. ३८४ मध्ये एजियन समुद्रातल्या पारोस बेटाचे ग्रीक इथे येऊन वसले. गावामागचं सपाट रान त्यांनी मोजून सारख्या पट्ट्यांत वाटून घेतलं, एकेक पट्टा साधारण ९०० मीटर लांब आणि १८० मीटर रुंद. चोवीस शतकं उलटली. मालक बदलले, भाषा बदलली, धर्म बदलला, बांध तेच राहिले. त्याच पट्ट्यांत आजही तीच द्राक्षं आणि तेच ऑलिव्ह. युनेस्कोने २००८ मध्ये हे रान जागतिक वारशात घेतलं.

सायकली भाड्याने घेऊन आम्ही दोघं तिकडे गेलो. बांध म्हणजे चुना-माती न लावता नुसते दगडावर दगड रचलेले, कमरेएवढे. जमीन लागवडीला आणताना निघालेला दगडच रचून टाकलेला. जवळ जाऊन पाहिलं तर मोठे दगड दोन्ही अंगांना आणि मधल्या पोकळीत बारीक खडी भरलेली, त्यामुळे पाऊस आला की पाणी झिरपून जातं आणि बांध ढासळत नाही. द्राक्षाची काढणी चालू होती. एका शेतकरी बाईने हाताने खूण करून आम्हाला बोलावलं आणि काळा घड हातात दिला. पैसे घेतले नाहीत.

गावात पेतार हेक्तोरोविच या सोळाव्या शतकातल्या कवीचं तटबंदी घर आहे. तुर्कांच्या हल्ल्याच्या भीतीने त्याने घर किल्ल्यासारखं बांधलं, गावकऱ्यांनाही आसरा मिळावा म्हणून. आणि घराच्या मधोमध समुद्राचं पाणी घेऊन माशांचं तळं केलं. मासे अजून आहेत. मासेमारीला कोळ्यांबरोबर गेल्यावर ऐकलेली त्यांची गाणी या माणसाने कवितेत उतरवून ठेवली. जमीनदार असून कोळ्यांना मानाने कवितेत आणणारा माणूस, मला त्याचं घर सोडवेना.

सोमवार : विस

रात्रीच हवा फिरली. दक्षिणेकडून येणाऱ्या दमट वाऱ्याला इथे युगो म्हणतात. तो उठला की लाटा लांब आणि जड होतात, आकाश राखाडी होतं. बिशेवो बेटावरची निळी गुहा बघायचा बेत होता. तिचं तोंड इतकं बुटकं आहे की होडीत वाकून बसावं लागतं, आणि लाट असली की आत सोडत नाहीत. कप्तानाने सकाळीच नाही म्हणून सांगितलं. समुद्रावर त्याचा शब्द शेवटचा, आम्ही विस गावातच थांबलो.

विस हे बेट, क्रोएशिया युगोस्लाव्हियात होता त्या काळात, लष्कराचा तळ होतं आणि १९८९ पर्यंत परदेशी माणसाला तिथे जाता येत नव्हतं. म्हणून हॉटेलांची गर्दी इथे पोचलीच नाही. डोंगरात खोदलेला पाणबुड्यांचा बोगदा आता रिकामा आहे. १९४४ मध्ये मार्शल टिटोने, पुढे युगोस्लाव्हियाचा प्रमुख झाला त्याने, काही काळ याच बेटावरच्या गुहेतून युद्ध चालवलं.

आणि चक्क क्रिकेट! नेपोलियनच्या युद्धात ब्रिटिश आरमाराचा कप्तान विल्यम होस्ट याचा तळ इथे होता. १८११ मध्ये त्याने याच बेटाच्या समुद्रात फ्रेंच आरमाराला हरवलं. मधल्या निवांत दिवसांत त्याचे लोक बेटावर क्रिकेट खेळत. आजच्या विसमधल्या क्रिकेट क्लबला त्याचं नाव आहे. नवरा लगेच मैदानाची चौकशी करून आला, पण पाऊस लागला होता.

मंगळवार : कोर्चुला

सकाळी आकाश धुतल्यासारखं झालं होतं. कोर्चुला पाण्यावरून येताना बघायलाच हवं. समुद्रात पुढे आलेल्या टेकाडावर तट, बुरूज, त्यांच्या आत दाटीने लाल कौलं आणि मधोमध संत मार्कच्या कॅथेड्रलचा मनोरा. त्या दिवशी धक्क्यावर बोटी एकीला एक लावून चार ओळींत उभ्या होत्या आणि आमची सगळ्यात बाहेर. गावात जायचं तर तीन परक्या बोटींच्या डेकवरून, तिथल्या जेवणाऱ्या लोकांना नमस्कार करत जायचं. खलाशी मावशीचा हात धरून एका कठड्यावरून दुसऱ्यावर नेत होता आणि ती प्रत्येक बोटीवर थांबून चौकशी करत होती.

गावाची रचना माशाच्या काट्यासारखी. मधे कण्याचा एक रस्ता, दोन्ही बाजूंना बोळ. पश्चिमेचे बोळ सरळ आहेत, म्हणजे उन्हाळ्यातला माएस्त्राल आत येऊन घरं गार करतो. पूर्वेचे बोळ किंचित वाकवलेले आहेत, म्हणजे हिवाळ्यात डोंगरावरून येणारा बोचरा बुरा वारा वळणावर अडतो. मध्ययुगातल्या गवंड्यांनी हे केलं. मी दुपारी दोन वाजता पश्चिमेच्या एका बोळात उभी राहिले आणि केस उडत होते. तिथून पन्नास पावलांवर पूर्वेच्या बोळात पानही हलत नव्हतं. नव्या मुंबईत टॉवर उभे करणाऱ्यांना एकदा इथे आणून उभं करावं.

कोर्चुलाचे लोक मार्को पोलो आमचाच असं ठासून सांगतात, त्याच्या घराची पाटीसुद्धा आहे. तो इथे जन्मल्याचा पुरावा नाही आणि व्हेनिस आपला हक्क सोडत नाही. नक्की आहे ते एवढंच, की १२९८ मध्ये या बेटाच्या समुद्रात जिनोव्हाने व्हेनिसच्या आरमाराचा धुव्वा उडवला. मार्को पोलो याच लढाईत पकडला गेला असं बरेच जण मानतात. जिनोव्हाच्या तुरुंगात त्याने रुस्तिकेलो नावाच्या सहकैद्याला आपली हकिगत सांगितली आणि ती जगभर गेली.

मावशी इथे अधीर झाली होती, कारण त्या हकिगतीत ठाणं आहे. मार्को पोलोने ठाण्याच्या राज्याचं वर्णन केलंय. तिथला राजा कोणाचा मांडलिक नाही, कमावलेलं चामडं आणि सुती कापड बाहेर जातं, आणि समुद्रावरचे चाचे राजाशी करार करून आहेत: लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. घोडे समुद्रमार्गे बाहेरून आणावे लागत आणि राजाला ते हवे असत. मावशीने ही गोष्ट ठाण्याच्या वर्गात कितीतरी वर्षं सांगितली. आता ती कोर्चुलाच्या तटावर बसून मला आणि एका ऑस्ट्रेलियन जोडप्याला सांगत होती, इंग्रजीत, हातवारे करून. "आमच्या खाडीत आता गाळ आहे," तिने त्यांना सांगितलं, "पण तेव्हा जहाजं येत होती." ठाणे, चौल, दाभोळ, सगळी अशीच समुद्राकडे तोंड करून बसलेली बंदरं. आपण त्यांच्याकडे कधी पाण्यावरून जातच नाही. चौलला मी किती वेळा गेले, पण दर वेळी अलिबागवरून रस्त्याने, आणि हे कोर्चुलाच्या धक्क्यावर पहिल्यांदा खुपलं.

बुधवार : म्ल्येत

म्ल्येत बेटाचा पश्चिम भाग १९६० पासून राष्ट्रीय उद्यान आहे. पाइनचं जंगल थेट पाण्यापर्यंत उतरतं. आत एकमेकांना जोडलेली दोन खाऱ्या पाण्याची तळी आहेत, आणि मोठ्या तळ्यातल्या बेटावर बाराव्या शतकातला बेनेडिक्टिन मठ. दोन तळ्यांना जोडणाऱ्या अरुंद पाटात भरती-ओहोटीप्रमाणे पाण्याची दिशा बदलते. आम्ही गेलो तेव्हा पाणी धाकट्या तळ्याकडे चाललं होतं. लोक पुलाच्या अलीकडे पाण्यात शिरून हातपाय न हलवता पलीकडे वाहत जात होते. मीही गेले. मग चालत परत आले आणि पुन्हा गेले.

पण म्ल्येतची मला लागून राहिलेली गोष्ट वेगळी आहे. या बेटावर विषारी सापांचा फार सुळसुळाट होता. १९१० मध्ये, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजवटीत, त्यावर उपाय म्हणून इथे मुंगूस आणून सोडले. आपल्याकडचे, भारतातल्या जातीचे छोटे मुंगूस. त्यांनी साप संपवले. बेटावरच्या लोकांची भीती गेली, आणि तेवढ्यासाठी मी त्या मुंगसांचं कौतुक करीन. पण साप संपल्यावर मुंगूस जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांकडे, पाली-सरड्यांकडे आणि गावकऱ्यांच्या कोंबड्यांकडे वळले. त्यांना खाणारं इथे कोणी नाही. आता युरोपीय संघाने हा प्राणी घातक परक्या जातींच्या यादीत घातला आहे.

मठाकडून परतताना झुडपाखालून एक करडं, लांबट अंग रस्ता ओलांडून गेलं. आमच्या सोसायटीच्या कुंपणाशी दिसणाऱ्या मुंगसाचीच चाल, तसंच मधे थांबून मागे वळून बघणं. घरी मुंगूस दिसलं की शुभ म्हणून आम्ही एकमेकांना हाका मारतो. इथे हाक मारली नाही. त्याचा दोष काहीच नव्हता. त्याला आणणाऱ्यांनी साप संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न विचारला नव्हता.

गुरुवार : दुब्रोव्हनिकचा तट पाण्यावरून, मग स्टोन

सकाळी सगळे वरच्या डेकवर. कप्तानाने बोट ग्रुझ बंदरात नेण्याआधी जुन्या गावाला समुद्राच्या बाजूने मोठा वळसा घातला. दुब्रोव्हनिकचा तट १,९४० मीटरचा, काही ठिकाणी २५ मीटर उंच, आणि समुद्राकडे तो थेट कड्यातून उगवतो. कडा कुठे संपला आणि बांधकाम कुठे सुरू झालं ते आधी कळतच नाही. पूर्वेला वळल्यावर जुनं बंदर उघडतं. पुढे लाटा अडवणारा बांध, बाजूला संत इव्हानचा बुरूज, आत गोदीच्या कमानी. या कमानींमागे युद्धनौका बांधत, आणि काम चालू असताना कमानी चिणून टाकत म्हणजे परक्याला आतलं दिसू नये. गाडीने आलेला माणूस हे सगळं उलट्या बाजूने बघतो.

गाव शुक्रवारसाठी राखून आम्ही दुपारी बसने स्टोनला गेलो, आणि तो निर्णय मावशीचा. स्टोनला मिठागरं आहेत. १३३३ मध्ये दुब्रोव्हनिकच्या प्रजासत्ताकाने पेल्येशाचचा भूभाग मिळवला आणि लगेच तिथे तट बांधायला घेतला. तो आज साडेपाच किलोमीटर उरला आहे. छोट्याशा गावाला एवढा तट कशाला, तर मिठासाठी. मीठ म्हणजे मासे आणि मांस टिकवण्याचं साधन, म्हणजे बाल्कनमधल्या सगळ्या गिऱ्हाइकांची गरज.

मिठागर अजून चालू आहे आणि जुन्याच पद्धतीने. समुद्राचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात सोडत नेतात. दर टप्प्याला ते आटून दाट होतं आणि शेवटच्या दगडी तळाच्या वाफ्यात मीठ धरतं. शेवटच्या वाफ्यांना संतांची नावं आहेत. काठावर बसून मी बोट बुडवून पाहिलं. कोमट, किंचित तेलकट लागणारं पाणी, आणि बाहेर काढलेलं बोट वाळताच पांढरं. कडेला लाकडी फावडी आणि रुळावरची जुनी वाघिणी. उरण-पेणच्या आगरांवर वाढलेल्या कोणालाही हे सगळं बघताक्षणी समजेल. मावशी तिथल्या रखवालदाराला शिरोड्याचा १९३० चा मिठाचा सत्याग्रह सांगत होती. त्याला किती कळलं माहीत नाही, पण त्याने तिला मूठभर जाडं मीठ कागदात बांधून दिलं.

शेजारच्या माली स्टोनच्या खाडीत कालवांची शेती आहे. गोड्या पाण्याचे झरे तिथे समुद्रात मिसळतात आणि कालवं पोसतात. नवऱ्याने धक्क्यावर उभं राहून लिंबू पिळून खाल्ली आणि कोकणातल्या कालवांची आठवण काढली नाही, यातच काय ते समजा.

शुक्रवार : दुब्रोव्हनिक

तटावर उघडताक्षणी चढा. सकाळी दहानंतर मोठ्या जहाजांची माणसं येतात आणि मग तटावर रांगेतून चालावं लागतं. एका वेळी किती जहाजं येऊ द्यायची यावर आता शहराने मर्यादा घातली आहे, आणि ती आणखी कडक केली तरी माझी तक्रार नसेल.

वरून कौलं बघा. काही फिकट, पिवळसर झालेली, बरीचशी एकसारखी तांबडी. तांबडी म्हणजे नवी. युगोस्लाव्हिया फुटत असताना, १९९१ च्या ऑक्टोबरपासून, युगोस्लाव्ह सैन्याचा या गावाला वेढा पडला, आणि ६ डिसेंबर १९९१ चा तोफमारा सगळ्यात भयंकर. जुन्या गावाची बहुतेक छपरं फुटली. नवी कौलं घालून गाव पुन्हा उभं केलं, आणि जुन्या-नव्या कौलांतला फरक अजून त्या दिवसांचा हिशेब सांगतो. स्पोंझा वाड्यातल्या एका खोलीत त्या युद्धात गेलेल्यांचे फोटो लावले आहेत. बहुतेक पोरसवदा. तिथे आम्ही काही बोललो नाही.

हे गाव १३५८ ते १८०८ पर्यंत जवळजवळ स्वतंत्र प्रजासत्ताक होतं. तलवारीपेक्षा वाटाघाटीवर त्याचा भर. तुर्की सुलतानाला दरसाल १२,५०० दुकातांची, म्हणजे सोन्याच्या नाण्यांची, खंडणी भरायची आणि बदल्यात त्याच्या सगळ्या मुलखात व्यापार करायचा. रेक्टर, म्हणजे राज्याचा प्रमुख, फक्त एक महिन्यासाठी. त्या महिन्यात त्याने राजकारणाच्या कामाशिवाय वाड्याबाहेर पडायचं नाही. सभागृहाच्या दारावर लॅटिनमध्ये कोरलंय: खासगी विसरा, सार्वजनिक कामाकडे बघा. १४१६ मध्ये त्यांनी गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. १३७७ मध्ये साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांना गावात शिरण्याआधी महिनाभर बाहेर ठेवायचा कायदा केला. पूर्वेच्या वेशीबाहेर नंतर बांधलेली लाझारेती, म्हणजे साथीच्या मुलखातून आलेल्यांना आणि त्यांच्या मालाला ठेवायच्या लांबलचक दगडी इमारती, अजून उभ्या आहेत. त्यांच्या मधे अंगणं आणि रखवालदारांच्या जागा. व्यापार बंद न करता माणसं जगवायची, हा त्यामागचा विचार. करोनाचे महिने आठवतच होते, त्या अंगणात उभं राहिल्यावर सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या सभासदांबद्दल मला मनापासून आदर वाटला.

दुपारी संत ब्लेझच्या चर्चमध्ये गेलो. ब्लेझ, इथल्या भाषेत व्लाहो, हा गावाचा रक्षणकर्ता. त्याचा पुतळा हातात गावाची छोटी प्रतिकृती धरून उभा आहे, आणि ती १६६७ च्या भूकंपाआधीच्या गावाची आहे. ३ फेब्रुवारीला त्याचा मोठा उत्सव असतो.

मावशीने इथे शेवटचा पत्ता काढला. गोव्यात, जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला साँव ब्राझ म्हणजे याच संताचं चर्च आहे, मूळ सोळाव्या शतकातलं. दुब्रोव्हनिकचे व्यापारी तेव्हा पोर्तुगीजांच्या गोव्यात पोचले होते आणि हे चर्च त्यांच्या वसाहतीशी जोडलेलं आहे, असं अभ्यासकांचं म्हणणं. दुब्रोव्हनिकच्या चर्चवरून ते बांधलं असंही सांगतात. पण समोरचं चर्च १७१५ चं. आधीचं जुनं चर्च १७०६ च्या आगीत गेलं. म्हणजे गोव्यातल्या चर्चने काही उचललं असेल तर ते त्या जळून गेलेल्या जुन्या चर्चचं, आणि संताच्या हातातल्या प्रतिकृतीत ते जुनं चर्च असायला हवं.

मावशीने त्या प्रतिकृतीचे चारही बाजूंनी फोटो काढायला लावले, झूम करून, पुन्हा पुन्हा. येत्या ३ फेब्रुवारीला गवंडाळीला जायचं ठरलं आहे. करमळी स्टेशन तिथून जवळ पडतं, आणि कुंभारजुव्याच्या खाडीतून होडी मिळाली तर चर्चपाशी पाण्यावरून जायचं.